आधी पुंगळी, मग रायफल

दुकानाच्या भिंतीवरची रायफल आधी डोळ्यांत भरते. तिला कुठलं काडतूस लागतं ते नंतर कळतं, आणि त्या काडतुसाच्या पुंगळ्या बाजारात सहज मिळत नाहीत हे सगळ्यात शेवटी. शेता-कुरणांची नासधूस करणाऱ्या लहान प्राण्यांसाठी बारीक बोअरची रायफल घेणारे आणि तिची काडतुसं घरीच भरू पाहणारे बहुतेक नवखे याच वाटेने जातात. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करा. कुठल्या जमिनीवर, किती अंतरावर नेम धरायचा ते आधी ठरवा. मग त्या अंतराला पुरणारं आणि ज्याचं सामान हाताशी मिळेल असं काडतूस निवडा. रायफल सगळ्यात शेवटी.

लेख अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार उरलेली नाही आणि परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा यातलं काही गावाकडच्या रानडुकरांना लावायला जाऊ नका. अमेरिकेतही पहिला प्रश्न व्हिसाचा येतो. एच-वन-बी किंवा एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. त्यावर राज्यांचे नियम वेगळे. एडिसनमध्ये राहत असाल तर न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे रायफल घेण्याआधी खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. व्हिसावर असाल तर मित्राच्या शब्दावर न जाता वकिलाला विचारा. इथली चूक बंदुकीपुरती राहत नाही, ती थेट ग्रीन कार्डच्या अर्जापर्यंत जाऊन पोचते.

आता जमीन. दक्षिण डकोटा, वायोमिंग, माँटाना इथल्या उघड्या कुरणांवर प्रेअरी डॉगच्या वसाहती पसरलेल्या असतात. अंतर शंभर यार्डांपासून चारशेपर्यंत काहीही, आणि वारा जवळजवळ कायमचा. आयडाहो आणि ओरेगनच्या अल्फाल्फाच्या शेतांत जमिनीत बिळं करणाऱ्या खारी असतात. त्या लहान, संख्येने खूप, आणि बहुतेक दीडशे यार्डांच्या आत. पेनसिल्व्हेनियात गवताच्या शेतात ग्राउंडहॉग भेटतो, तिथे शेताच्या पलीकडे कुणाचं तरी घर असतं आणि आवाजाचाही विचार करावा लागतो. या तीन ठिकाणांना एकच काडतूस सारखंच चांगलं ठरणार नाही. दुकानदार मात्र तिघांनाही तेच विकेल.

पॉइंट वन-सेव्हन एचएमआर या काडतुसाचं नाव तुम्हाला लगेच सुचवलं जाईल. २००२ साली आलेलं हे काडतूस खारींसाठी उत्तम आहे. १७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी, वेग सेकंदाला सुमारे २,५५० फूट, धक्का जवळजवळ नाहीच. पण ते रिमफायर आहे. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं आणि एकदा उडालं की ती पुंगळी टाकून द्यायची. काडतुसं भरण्यात रस नसेल तर हेच घ्या आणि लेख इथेच सोडा. भरायची असतील तर सेंटरफायर हवं, म्हणजे बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसणारं.

इथे येणाऱ्या सेंटरफायरमध्ये सगळ्यात लहान आणि जुनं म्हणजे .२२ हॉर्नेट, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं. ४५ ग्रेनची गोळी सेकंदाला २,६९० फुटांच्या आसपास जाते. दीडशे यार्ड, फार तर पावणेदोनशे, इतकंच त्याचं राज्य. पण त्यात दारू दहा ते तेरा ग्रेनच लागते आणि आवाज सौम्य असतो, म्हणून वस्तीजवळच्या शेतात ते अजून टिकून आहे. भरणाऱ्याच्या दृष्टीने ते थोडं नाजूक आहे. पुंगळीच्या भिंती पातळ, गोळी बसवताना हात वाकडा झाला की मान चेपते. शिवाय दारू इतकी थोडी की तराजूची ०.३ ग्रेनची चूक म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक. तीच चूक मोठ्या पुंगळीत एक टक्काही होत नाही. हॉर्नेट मला आवडतं, पण पहिलं काडतूस म्हणून मी ते कुणाला सुचवणार नाही.

दुसऱ्या टोकाला वेगवान मंडळी बसली आहेत. विंचेस्टरने १९३५ साली .२२० स्विफ्ट आणलं आणि ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला चार हजार फुटांच्या वर नेली. तेव्हापासून या छंदात वेगाचं वेड शिरलं ते आजतागायत गेलेलं नाही. .२२-२५० हा त्याचा जास्त समजूतदार भाऊ. हौशी लोकांनी सॅव्हेजच्या .२५० पुंगळीची मान बारीक करून ते घरगुती काडतूस म्हणून कित्येक वर्षं चालवलं, आणि १९६५ साली रेमिंग्टनने त्याला रीतसर आपलंसं केलं. ५५ ग्रेनची गोळी सुमारे ३,६८० फुटांनी जाते. उघड्या कुरणावर चारशे यार्डांपर्यंत याच्यासारखं दुसरं नाही, हे मान्य. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एकतर दारू सुमारे ३५ ग्रेन लागते. दुसरं म्हणजे तेवढ्या दारूचा तापलेला वायू बारीक भोकातून जाताना नळीचा घसा, म्हणजे जिथून पीळ सुरू होतो तो भाग, खरवडून काढतो. कोयोटीसाठी दिवसाला दोन-चार गोळ्या झाडणाऱ्याला हे जाणवणारही नाही. प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसून तासाला शंभर गोळ्या झाडणाऱ्याची नळी मात्र बघता बघता जाते. नळीला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. अनुभवी लोक अशा वेळी दोन रायफली आळीपाळीने वापरतात, त्यात चैन नाही, हिशेब आहे.

मधली जागा .२२३ रेमिंग्टनची. १९५०च्या .२२२ची पुंगळी लांबवून हे घराणं पुढे आलं, लष्करी ५.५६ याच वंशातलं आणि बाजारात .२२३ हे १९६४पासून आहे. ५५ ग्रेनची गोळी, ३,२४० फूट, दारू २५ ग्रेनच्या आसपास. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. म्हणजे दारूच्या एका डब्यात .२२३ची २८० काडतुसं भरतात, .२२-२५०ची २०० आणि हॉर्नेटची सहाशेच्या आसपास. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशे यार्डांवर .२२३ची गोळी साधारण फूटभर ढकलतो. .२२-२५०मध्ये हा फरक दोनएक इंचांनी कमी होतो. त्या दोन इंचांसाठी दीडपट दारू आणि अर्धं आयुष्य झिजलेली नळी घ्यायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी वारा वाचायला शिकण्याच्या बाजूचा आहे.

.२२३ची खरी ताकद मात्र वेगाच्या तक्त्यात दिसत नाही. त्याच्या पुंगळ्या सगळीकडे मिळतात. रेंजवर लोक टाकून जातात त्या गोळा केल्या तरी वर्षभर पुरतील. २०२०नंतरच्या टंचाईत प्रायमर मिळेनासे झाले होते, तेव्हा विचित्र काडतुसं घेतलेल्यांच्या रायफली कपाटात राहिल्या. पुंगळी आणि गोळी दोन्हीही दुर्मीळ असतील तर नुसते प्रायमर मिळूनही उपयोग नसतो. फुकटच्या पुंगळ्यांत मात्र एक मेख आहे. बुडावर एल सी अशी अक्षरं असतील तर ती मिसुरीतल्या लेक सिटी कारखान्याची लष्करी पुंगळी. तिच्या प्रायमरच्या खोबणीची कड आत दाबलेली असते. ती कड काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही, आणि बळजबरी केली तर तो चिरडतो. शिवाय आतली जागा ब्रँडगणिक थोडीफार बदलते, म्हणून बुडावरची अक्षरं बघून पुंगळ्या वेगळ्या करा आणि एका प्रकाराला बसवलेलं दारूचं माप दुसऱ्याला तसंच लावू नका.

.२०४ रुगर हे २००४ सालचं काडतूस मधेच मन खेचतं. ३२ ग्रेनची गोळी, कारखान्याचा दावा ४,२२५ फुटांचा. धक्का इतका कमी की गोळी लागल्याचं दुर्बिणीतून स्वतःलाच दिसतं, आणि वसाहतीवर बसणाऱ्याला ही फार मोठी सोय वाटते. पण .२०४ व्यासाच्या गोळ्या मोजक्याच कंपन्या करतात. त्याहून बारीक .१७ रेमिंग्टन १९७१चं. त्याला दारू ओतायला बारीक नरसाळं लागतं, गोळ्या जाड बोटांत धरवत नाहीत, आणि नळी वारंवार साफ न केल्यास नेम बिघडतो. जाणकाराची दुसरी किंवा तिसरी रायफल म्हणून दोन्ही झकास. कोयोटीबरोबर हरणालाही तेच चालावं असं वाटत असेल तर .२४३ विंचेस्टर आहे, पण मग धक्का वाढतो आणि बारीक बोअरची मजा जाते.

काडतूस ठरलं की पीळ बघायचा. हा भाग दुकानात कुणी समजावत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त डोकेदुखी हाच करतो. नळीतले आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात तो आकडा, म्हणजे बाराला एक, नऊला एक, आठला एक. गोळी जितकी लांब तितका घट्ट पीळ तिला लागतो, नाहीतर ती हवेत डळमळते आणि कागदावर आडवी लागून किल्लीच्या भोकासारखी खूण करते. इथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. जुन्या .२२-२५०ला चौदाला एक पीळ असायचा. ५५ ग्रेनपर्यंत ठीक, त्यापुढे अडचण. हॉर्नेटला तर सोळाला एक.

हे आता जास्त महत्त्वाचं झालं, कारण शिशाशिवायच्या गोळ्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कुठल्याही वन्य प्राण्यावर बंदूक चालवताना शिशाची गोळी वापरता येत नाही. खार असली तरी नाही. मेलेल्या प्राण्यातले शिशाचे कण गिधाडं आणि गरुड खातात, हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. तांब्याची किंवा तांब्याच्या भुकटीची गोळी शिशापेक्षा हलकी, म्हणून त्याच वजनात जास्त लांब होते. सॅन होजेत राहणाऱ्याने बाराला एक पिळाची .२२३ घेतली तर त्याच्या राज्यात चालणाऱ्या बऱ्याच गोळ्या त्या नळीतून नीट जाणार नाहीत. उलट टोकाची चूकही होते. सातला एक पिळातून पातळ आवरणाची हलकी गोळी जोरात सोडली तर फिरण्याच्या वेगानेच ती हवेत फुटू शकते. आठला एक पिळातून ३,२०० फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला २,८८,००० फेरे घेत असते, यावरून अंदाज करा. .२२३साठी नऊला एक किंवा आठला एक, या दोनांपैकी काहीही घ्या. चाळीसपासून सत्तर ग्रेनच्या आसपासपर्यंत सगळं काम भागतं.

रायफलीबद्दल बोलायचं तर बोल्ट अ‍ॅक्शन घ्या. अर्धस्वयंचलित रायफल वाईट नेम मारते असं नाही, पण ती पुंगळी पाच-सात फूट लांब गवतात फेकते, आणि भरणाऱ्याला हरवलेल्या पुंगळीइतकं दुःख दुसरं नाही. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया इथे त्या प्रकारच्या रायफलीवर कायद्याची बंधनंही आहेत. बसून मारायचं असेल तर जाड नळी, २४ ते २६ इंच लांब, पुढचा लाकडाचा भाग रुंद आणि सपाट, म्हणजे वाळूच्या पिशवीवर डुलत नाही. कोयोटीच्या मागे चालायचं असेल तर हेच वजन खांद्याला नकोसं होतं, तेव्हा हलकी नळी. सॅव्हेज, टिका, होवा, रुगर, सीझेड यांपैकी कुणाचीही साधी रायफल आज तुमच्या-माझ्या नेमापेक्षा चांगली असते. सॅव्हेजची नळी नटने बसवलेली असते, झिजल्यावर बदलणं सोपं जातं. चाप हलका आणि स्वच्छ हवा. वाचलेले पैसे रायफलीच्या नक्षीत घालू नका, दुर्बिणीत घाला.

एक गोष्ट नळीवर कोरलेली वाचून घ्या. .२२३ आणि ५.५६ दिसायला जुळी, पण ५.५६च्या चेंबरचा घसा लांब असतो. .२२३ लिहिलेल्या रायफलीत ५.५६ काडतूस घालू नये, त्यात दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो.

आता टेबल. एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस, आपल्या काडतुसाचे डाय, तराजू, कॅलिपर, पुंगळी कापायचं यंत्र आणि छापील मॅन्युअल. हॉर्नेडी, लायमन, सिएरा यांची मॅन्युअल्स उत्तम आहेत, आणि एकाऐवजी दोन घेतलेली बरी. मी दारूची मापं मुद्दामच देत नाही. ती मासिकातून, मित्राच्या वहीतून किंवा मोबाइलवरच्या फोटोतून घ्यायची नसतात. मॅन्युअलमध्ये त्या गोळीला, त्या दारूला दिलेल्या सुरुवातीच्या मापापासून सुरू करा आणि थोडं थोडं वर चढा. प्रायमर चपटा दिसू लागला, बोल्ट जड उचलायला लागला की खाली या. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवा. उरलेली दारू ज्या डब्यातली त्याच डब्यात परत घाला. लेबल नसलेल्या डब्यातली दारू, वास घेऊन किंवा रंग बघून ओळखली तरी, टाकून द्या.

नव्याने शिकणाऱ्याचं लक्ष दारूकडे असतं, पण खरी मेहनत पुंगळीची. डायमध्ये घालण्याआधी तिला वंगण लावा, नाहीतर ती आत अडकते आणि ती काढायला शनिवार जातो. प्रत्येक वेळी झाडल्यावर पुंगळी लांब होते. .२२३ची लांबी १.७६० इंचांच्या वर गेली की १.७५०वर कापायची. बोल्ट रायफलीत पुंगळीचा खांदा इंचाच्या हजारातल्या दोन भागांइतकाच मागे दाबला तरी पुरतो. दरवेळी खूप मागे दाबलात तर ती बुडाजवळ ताणून पातळ होते आणि एक दिवस तिथून दोन तुकडे होतात. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवून बघा. बुडाच्या थोडं वर खाच लागली तर ती पुंगळी भंगारात. .२२३, .२०४ आणि हॉर्नेटला छोटा रायफल प्रायमर लागतो, .२२-२५०ला मोठा. घरात दोन बोअरच्या रायफली ठेवणार असाल तर प्रायमर एकाच जातीचा लागेल अशी जोडी निवडा, टंचाईच्या काळात हे उपयोगी पडतं.

जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, आणि उडालेल्या पुंगळ्या कोरड्या यंत्रात घासताना त्याची धूळ उडते. गॅरेजचा कोपरा, ओली सफाई, काम झाल्यावर साबणाने हात, आणि मुलं दूर. दारू मूळ डब्यातच ठेवा. घरात ठेवायच्या साठ्याला अग्निसुरक्षेच्या मानकांनी २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर अशी मर्यादा घातली आहे. तुम्हाला त्याच्या दहाव्या हिश्शाचीही गरज नाही. स्वतःसाठी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा केलात तर लागतो, आणि कुणी दुसऱ्याने भरलेली काडतुसं आपल्या रायफलीत घालणं हा तसाही शहाणपणा नव्हे.

पैसे वाचतात का, हा प्रश्न घरातून येणारच. एका काडतुसामागे वाचतात. एकूण खर्च मात्र वाढतो, कारण माणूस जास्त झाडू लागतो. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

कुरणावर जाण्याआधी त्या राज्याचे या वर्षीचे नियम वाचा. प्रेअरी डॉग सगळीकडे सारखा नाही. युटा प्रेअरी डॉगला केंद्राचं संरक्षण आहे. दक्षिण डकोटातल्या कोनाटा बेसिनसारख्या जागी काळ्या पायांच्या फेरेटसाठी वसाहती राखीव आहेत, कारण हा दुर्मीळ प्राणी जगतोच मुळी प्रेअरी डॉगवर. कोलोरॅडोत सार्वजनिक जमिनीवर १ मार्च ते १४ जून बंदी असते, पिल्लांचा काळ म्हणून. खासगी रँचवर मालकाची परवानगी घ्या आणि त्याची गुरं कुठे आहेत ते रोज विचारा. हलकी, वेगवान गोळी मातीत शिरताच फुटते, म्हणून ती .२२ रिमफायरच्या गोळीसारखी सहसा उसळत नाही, पण खडकाळ चढावर किंवा क्षितिजावर उभ्या प्राण्यावर ती कधीच सोडू नका. मेलेल्या प्राण्याला हात लावू नका. त्याच्या पिसवांतून प्लेगची लागण होऊ शकते आणि तो आजार पश्चिमेत अजून आहे.

आणि शेवटचं, खास आपल्यासाठी. रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कोपऱ्यात, अस्तराखाली विसरलेलं एक भरलेलं काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. पुढे कोर्टात सुटका झाली तरी तुमची सुट्टी, आणि ज्यांच्या लग्नाला आलात त्यांची झोप, दोन्ही गेलेली असते. रेंजसाठी वेगळ्या रंगाची बॅग ठेवा आणि ती गॅरेजमधून घरात आणूच नका.